बर्फामुळे बस बंद
जानेवारीतल्या रविवारी दुपारी शरीफुन्निसानं आखातातल्या हूऱ्यातल्या घरून लीड्सला शिकणाऱ्या अर्शदला व्हिडिओ कॉल लावला, तर लेक अंथरुणातच. “कॉलेजला गेला नाहीस?” “कसा जाऊ, अम्मी? बर्फ पडलाय, बस बंद आहेत.” त्यानं फोन खिडकीकडं वळवला. भाकऱ्या थापून झाल्यावर परातीत पीठ उरावं, तेवढाच बर्फ रस्त्यावर होता. एवढ्यानं अख्ख्या शहराच्या बस थांबतात? तिच्या मनात पाल चुकचुकली. “खोटं तर बोलत नाहीस?” “अल्लाकसम अम्मी, एकही बस नाही.” शाळेतून आलेली धाकटी अरीबा बूट काढता काढता हसली. “भाई वेडा झालाय. तिकडं आपल्यासारखी शुक्रवारी नाही, रविवारी सुट्टी असते.” शरीफुन्निसा हसली नाही. रोज कॉलेजला जाणारा मुलगा सुट्टीचा वार विसरेल कसा? फोनमध्ये अजून खिडकीच दिसत होती. “कधीपासून जात नाहीस, बेटा?” “ऑक्टोबरपासून, अम्मी,” अर्शद पुटपुटला.