तासाभराचा रस्ता

“पोरगा येऊ दे, मग सही,” घड्याळजी म्हणाले आणि नर्सने पुढे केलेला ऑपरेशनचा कागद त्यांनी तिसऱ्यांदा मागे सारला. “तासाभराचा तर रस्ता.”

नर्सने त्यांच्या धाकटीकडे पाहिलं. धाकटीने पंख्याकडे पाहिलं. डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते, आज ऑपरेशन झालं नाही तर पाय जाईल.

तासाभराचा रस्ता म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवून दिलेल्या माणसाला त्याच्याच मुलाने बिनदिक्कत गंडवलं होतं. परदेशी जाताना दादाने विमानाचं तिकीट नाचवलं होतं. निघणार सकाळी दहाला, पोहोचणार त्याच दिवशी अकराला. “बघा बाबा, एका तासावर तर आहे मी.” तिकडची घड्याळं साडेतेरा तास मागे असतात, एवढं मात्र त्याने गिळलं. आणि घड्याळजींना शंका कशी यावी? आपल्या घड्याळात दहा म्हणजे जगात दहा, असं त्यांचं सरळ काम.

धाकटी तरातरा व्हरांड्यात गेली आणि दादाला फोन लावला.

“निघालास?”

“अगं, सोपं आहे का ते? अकरा हजार किलोमीटर. साडेचौदा तास नुसतं बसून राहायचं, कंबर धरते माझी. पुढच्या महिन्यात बघतो. तू असं कर, इकडे धुकं आहे म्हणून सांग. विमानं बंद आहेत म्हणावं.”

“तुझी कंबर धरते आणि त्यांचा पाय चाललाय.”

“ओरडू नकोस गं. लहान आहेस, तुला नाही कळायचं.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान? डॉक्टरांसमोर एकटी उभी राहताना, औषधांच्या रांगेत ताटकळताना कुणाला आठवलं नव्हतं ती लहान आहे ते. फोन चालूच ठेवून ती खोलीत आली, आवाज मोठा केला आणि फोन बाबांच्या उशीपाशी आदळला.

“बाबा, एक तास नाही, साडेचौदा तास लागतात. दादाने फसवलंय तुम्हाला. आणि आता म्हणतो, धुकं आहे म्हणून सांग.”

“बाबा, तसं नाही हो,” फोनमधला आवाज गडबडला. “ही आपली वाट्टेल ते—”

घड्याळजींनी हात वर केला, जणू तो तिकडे दिसणारच होता. भिंतीकडे बघत ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिले. आता हे रडणार, असं धाकटीला वाटलं. पण त्यांचे कान लालभडक झाले होते.

“साडेचौदाच ना?” ते फोनला म्हणाले. “तुला सोमवारी कळवलं. आज शुक्रवार. मग इतके दिवस कुठल्या विमानात बसलायस रे?”



“सिस्टर,” घड्याळजी म्हणाले, “आणा तो कागद.”