उठायच्या दिवशी

"कृष्णात, इथं नगं. तिकडं भिंतीच्या कोपऱ्यात खण."

कृष्णातनं उचललेली कुदळ तशीच वर धरली. कबरी खणण्यात त्याची हयात गेली होती, पण जागेवरनं अडवायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"काकी, चिमणाबाईंनी स्वतः येऊन ही जागा धरल्याली. तुमच्या जागंला लागून."

"मग मन बदललं तिचं. कोपराच पायजे म्हणाली. मला बोलली की!"

शालनबाई हे रेटून खोटं बोलल्या. काल रात्री वारलेली चिमणाबाई त्यांची धाकटी जाऊ. अकरा वर्षांत दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नव्हत्या.

कारण काय, तर नाताळचा तांबडा रस्सा. भरल्या पंगतीत चिमणाबाई म्हणाली, "थोरल्या बाई, मीठ जरा जास्त झालंय." जरा! पाळकसाहेबांनी त्या दिवशी अर्धा रंकाळा तलाव पिऊन संपवला. पण ते तोंडानं काही बोलले नाहीत. ही बोलली. तेव्हापासनं चर्चमध्ये एक पहिल्या बाकावर, तर दुसरी शेवटच्या.

आता या मंडळींची रीत अशी, की मयताचे पाय उगवतीकडं करायचे. शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार, प्रभू उगवतीकडनं येणार, आणि मेलेली माणसं उठणार ती थेट त्याच्याकडं तोंड करून. शालनबाईंनी तो दिवस मनात शंभरदा बघितला होता. समोर प्रभू, उजवीकडं नवरा, आभाळ सताड उघडं. आणि डावीकडनं चिमणाबाई उठणार, पदर झटकणार आणि प्रभूच्या देखत म्हणणार, "मीठ जरा जास्त झालतं."

छे! कृष्णातला कोपऱ्यात खणायला लावलं तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी माती झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली तशी सगळ्यांनी गुडघे टेकले. शालनबाई तेवढ्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांचे गुडघे एकदा टेकले की उठवायला दुसरं माणूस लागायचं.

माणसं पांगली. चिमणाबाईची लेक मोना, पहाटेच पुण्याहून आलेली, त्यांच्यापाशी आली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"काकू, आईनं कोपरा मागितलेला म्हणे. तुम्हाला बोलली म्हणे."

शालनबाईंनी हात सोडवायला बघितलं. पण मोना रडता रडता हसत होती.

"म्हणजे बोलला होता तुम्ही दोघी! मला वाटलं, आई तशीच गेली. किती वाट बघायची ती! दर नाताळला म्हणायची, यंदा थोरल्या बाई रश्श्याला बोलवतील बघ."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शालनबाईंना वाटलं. पण तिथल्या धरणीत जागा आधी धरावी लागते.

"मला मात्र ती वेगळंच सांगून ठेवायची," मोनानं डोळे पुसले. "म्हणायची, मला थोरल्या बाईंच्या शेजारीच ठेव. त्यांचे गुडघे गेलेत. त्या दिवशी सगळी भराभरा उठतील, आणि त्या एकट्याच बसून राहतील. हात द्यायला कोणतरी पायजे की."

शालनबाईंनी मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"ती काय बोलली न्हाय मला, पोरी," त्या म्हणाल्या. "खोटं बोललो मी. मीच टाकलं तिला कोपऱ्यात."

मोनाचा हात सुटला. ती ताज्या मातीकडं बघत उभी राहिली, मग वळली आणि फाटकाकडं चालायला लागली.

शालनबाई खुर्चीवरनं उठायला गेल्या. हात द्यायला शेजारी कोणी नव्हतं. तिसऱ्या झटक्याला कशाबशा उभ्या राहिल्या, आणि फावडं धूत बसलेल्या कृष्णातपाशी गेल्या.

"कृष्णात, माझी तिकडची जागा मोड. मला हिच्या शेजारी धर."

"आन् काका? ते तिकडं एकटंच?"

शालनबाईंनी नवऱ्याच्या कबरीकडं एकदा बघितलं.

"त्यांचे गुडघे शेवटपतूर ठणठणीत होते," त्या म्हणाल्या. "येतील चालत."