बिनचौकटीचा कागद

“चौकट हिरवी की काळी?” छापखान्यातल्या काकांनी विचारलं. आमच्या बोस्नियात कुणी गेलं की खबर छापून झाडांवर डकवतात. मुसलमानाला हिरवी चौकट, ख्रिश्चनाला काळी. माझा मित्र दामिर, त्याची आई मुसलमान, वडील ख्रिश्चन. दोघंही छापखान्यातल्या बाकावर बसलेले. दामिर पुरात गेला, नदीच्या दोन्ही काठांवरच्या पोरांना जमवून वाळूची पोती रचताना. “चौकटच नको,” त्याची मैत्रीण एडिना म्हणाली. “अगं, मग लोकांना कळणार कसं, कुणाचा गेला ते?” “आमचा, काका.” त्यांनी तसंच छापलं. एडिना आणि मी संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर कागद डकवले. सकाळी पाहिलं, तर मशिदीकडच्या काठावर प्रत्येक कागदाला कुणीतरी पेनानं हिरवी चौकट काढली होती. चर्चकडच्या काठावर काळी. जिवंतपणी दोन्ही काठ त्याला ‘पलीकडचा’ म्हणायचे.  एडिनानं खळीची बादली भरली. मी उरलेले बिनचौकटीचे कागद उचलले.