भिंत पाडल्याबिगर

शेवटचा बोल्ट निघाला आणि मसाला भाजायचं ते भलंथोरलं यंत्र अखंडच्या अखंड दाराकडं सरकलं. ना यंत्राला पोचा, ना शेडला ओरखडा.

"मामा, ह्ये तर दुधावरच्या सायीगत अलगद निघालं की!" क्रेनवाला फराज ओरडला.

हंबीररावांच्या काळजात चर्र झालं. कारण जागामालक गणपतराव दारातच उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

ह्याच यंत्रापायी हंबीरराव एकदा बुडता बुडता वाचले होते. गणपतरावांच्या शेडमध्ये भाड्यानं राहून, एकेक पत्रा जोडून त्यांनी ते स्वतः उभं केलं होतं. तर एक्साइजवाले म्हणाले, तुम्ही यंत्र बनवलंत, ड्यूटी भरा. कांदालसूण चटणी विकणाऱ्या माणसाला ते कुठलं झेपायला? मग वकिलानं वाट दाखवली. जागेवरच जोडलेलं आणि मोडतोड केल्याशिवाय न हलणारं यंत्र म्हणजे इमारतीचाच भाग. ती स्थावर मालमत्ता, तिच्यावर एक्साइज नाही. पण यंत्र तर नुसत्या बोल्टांवर उभं! हंबीररावांनी लगोलग ते बोल्ट सिमेंटच्या गिलाव्याखाली दडवले आणि साक्षीला गणपतरावांना उभं केलं.

गणपतराव सरळ माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "खरंच निघत न्हाय न्हवं?"

"आबा, तुमची भिंत पाडल्याबिगर न्हाय निघायचं," हंबीररावांनी बेधडक ठोकून दिलं.

तेच वाक्य गणपतरावांनी एक्साइजच्या साहेबांपुढं जोतिबाची शपथ घेऊन सांगितलं. केस जिंकली. पुढं जीएसटी आला, एक्साइज गेला आणि हंबीरराव ती शपथ साफ विसरले. गरज सरो, वैद्य मरो! आज शेड सोडून नव्या जागेत जायच्या गडबडीत सकाळी त्यांनी स्वतःच गिलावा फोडला होता.

गणपतराव आत आले. काढून ठेवलेल्या बोल्टांवर त्यांनी हळूच बोट फिरवलं.

"ह्ये तवाबी हुतं?"

खोटं बोलावं असं हंबीररावांच्या मनात आलं, पण जीभच उचलेना. "हुतं, आबा."

"आन् म्या शपथ घेटली."

"आता कशाला त्ये उगाळताय आबा? त्यो टॅक्सच राह्यला न्हाय."

"टॅक्स गेला. जोतिबा हाय की अजून."

म्हातारा तरातरा बाहेर गेला. परत आला तो हातात घण घेऊनच. हंबीररावांची पाचावर धारण बसली. आयुष्यात त्यांनी एवढी एकच गोष्ट उभी केली होती. तिच्याशिवाय नव्या जागेत भाजणार काय, कपाळ? त्यांनी धावत जाऊन यंत्राला मिठी मारली.

"आबा, पाया पडतो! मला हाणा पायजे तर! पर ह्येला हात लावू नगासा, ही माझी भाकरी हाय!"

 गणपतरावांनी घण उचलला. हंबीररावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

दणका बसला. मग दुसरा, तिसरा. सगळी शेड हादरली, नाकातोंडात धूळ गेली, फराज "आबा, आबा" करून किंचाळला. पण मिठीतलं यंत्र जागच्या जागीच होतं. हंबीररावांनी भीत भीत डोळे उघडले.

गणपतरावांच्याच शेडच्या मागच्या भिंतीला भगदाड पडलं होतं. पलीकडचा ऊस दिसत होता. हंबीरराव आ वासून बघतच राहिले. 

म्हाताऱ्याला धाप लागली होती.  विटांच्या ढिगावरून तो हंबीररावांजवळ आला आणि घण त्यांच्या हातात दिला.

"दारातनं न्यायचं न्हाय. ऱ्हायलेली भिंत तुमी पाडा, आन् तिथनं न्या. माझी साक्ष खरी झाली पायजे."