मुंबई ते टोरांटो, वीस तास

रांगेत पुढे दोनच माणसं उरली तेव्हा कवडू मागे वळला आणि बॅग घेऊन विमानतळाबाहेर आला.

बत्तीस वर्षं लाइनमन म्हणून तो खांबांवर चढला होता. पण विमानाचं नाव काढलं की घाबरून विषय बदलायचा. टोरांटोत त्याची पोरगी भावना नवव्या महिन्यात होती. जावई कामावर बाहेरगावी. तिची आई जाऊन तीन वर्षं झालेली. "बाबा, तुम्ही तरी या," ती रडली, म्हणून तो मुंबईपर्यंत आला होता.

तिला तिथूनच कळवायचं होतं, पण काय सांगावं ते सुचेना. दुपारच्या गाडीने तो वर्ध्याकडे निघाला.

भावनाने त्याला सगळं पाठ करून दिलं होतं. सकाळी सातला मुंबई सुटायची. साडेनऊ तासांनी लंडन, तिथे तीन तास थांबा, मग आठ तास टोरांटो. तेरा हजार किलोमीटर. गाडीत तो सारखं घड्याळ पाहत होता. इगतपुरी आली, तेव्हा विमान लंडनला उभं असेल. भुसावळला, तेव्हा समुद्रावर. पहाटे धामणगाव मागे पडलं, तेव्हा ते उतरलंही असेल. तिथे अजून काल संध्याकाळचे सहा. पोट धरून पोरगी विमानतळाच्या दाराशी उभी असेल, एकेक म्हातारा निरखत. कवडूने तोंडावर उपरणं ओढलं.

सकाळी सातला तो वर्ध्याजवळच्या आपल्या गावी, पिपरी मेघेच्या एसटीडी बूथवर पोचला. ताराचंद नुकतं शटर उघडत होता.

"काऊन कवडूभाऊ? तुमी तं विमानात होते ना?"

"वापस आलो. भावनाले फोन लाव पहिले."

बरीच घंटी वाजल्यावर पलीकडे भावनाचा आवाज आला. दमलेला, पण खुशीतला.

"हॅलो, वर्ध्याहून का? ताराचंदकाका? बाबा पोचले हो. विमान अगदी टायमावर आलं."

कवडूने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"भावना, मी बाबा बोलून राह्यलो. मी विमानात बसलोच नाई. मुंबईहून वापस आलो, माय."

ती हसली. "काय मजाक करता, काका! बाबा जेवले, आता पाय चेपून देऊन राह्यले माझे. सुजले ना खूप."

"त्याच्यापासून दूर हो! कोन आहे तो?"

हसू थांबलं. "काका, असं काऊन बोलता? थांबा, बाबांनाच देते."

पावलं वाजली. कुठेतरी दार लागलं. बाजूला ताराचंद त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

मग फोनवर कवडूचाच आवाज आला, शांत, अगदी हळू.

"आता फोन नको करजो. पोरगी घाबरते."