अठ्ठ्यांची जोडी

"मधली जोडी कशी खेळायची, ते ह्या पंचक्रोशीत फकस्त मला ठावं हाय," असं म्हणून कृष्णातनं पत्ते पिसले.

पलटणीतून सुटून तो गेल्याच महिन्यात कोरेगावजवळच्या आपल्या गावी आला होता. येताना इटलीतून त्यानं एक कांबळं आणलं आणि टेक्सासच्या एका गोऱ्या शिपायानं शिकवलेला डाव आणला. दोन-दोन पत्ते हातात झाकून घ्यायचे, पैज बोलायची, मग जमिनीवर पाच उघडायचे. जमिनीवरचे दोघांच्याही कामाचे; जोडी ज्याची मोठी, त्याचा डाव.

पैज मोटांची होती. विहीर त्याची आणि चुलतभाऊ जोतिबाची सामायिक. आजची पाळी कृष्णातची, दोनशे मोटा; त्याहून जास्त पाणी दिवसाला विहिरीत साठत नव्हतं. त्याचा ऊस पिवळा पडला होता. कोरड्या पाटाच्या तोंडाशी त्याची बायको हरणाबाई खोरं घेऊन सकाळपासून उभी होती.

पहिल्याच डावाला कृष्णातला अठ्ठ्यांची जोडी आली, ना मोठी ना लहान. मधली जोडी सस्त्यात खेळायची, म्हणून कृष्णात दहाच मोटा बोलला. जमिनीवर राजा, राणी, गुलाम उघडले. जोतिबा पन्नास म्हणाला. कृष्णातनं पत्ते टाकले.

"सिद्धू, धा मोटा आपल्या!" जोतिबानं आपल्या गड्याला हाळी दिली. सिद्धूनं बैल जुंपले. विहिरीवरचं चाक कुईकुई वाजायला लागलं.

मग नव्व्यांची जोडी आली. "सस्त्यात खेळलो तितंच चुकलं," म्हणत कृष्णात शंभर बोलला. जोतिबाकडं दोन राजे निघाले. चाक वाजतच राहिलं.

"आवं, पानी कवा येतंय?" हरणाबाई ओरडली.

"आलंच की!"

पुढं सत्त्या आल्या.  कृष्णातनं जोडी न खेळताच टाकली. डाव सोडायच्या पाच मोटा गेल्या. जोतिबानं गंमत म्हणून जमिनीवरचे पत्ते उघडले. पहिल्या दोन सत्त्याच होत्या.

"टेक्सासला असंच खेळत्यात व्हय रं?"

कृष्णातला गोऱ्यानं तीनच वाटा सांगितल्या होत्या : सस्त्यात खेळ, जोरात खेळ, नाहीतर टाकून दे. तिन्ही झाल्या होत्या. चौथी त्या गोऱ्यालाही माहीत नव्हती. आता पंच्याऐंशी मोटा राहिल्या, आणि तेवढ्यानं अर्धा ऊससुद्धा भिजत नव्हता.

बऱ्याच डावांनी पुन्हा अठ्ठ्या आल्या. मधले सगळे डाव कृष्णातनं भिऊन बिनपैजेचे काढले होते, चाक वाजतच होतं, मोटा कुणी मोजत नव्हतं आणि ऊन कलायला लागलं होतं. त्यानं उसाकडं पाहिलं. पत्त्यांकडं पाहिलं. पुन्हा उसाकडं पाहिलं.

"समद्या," तो म्हणाला.

"मी बी. जिकलेल्या समद्या," जोतिबा जांभई देत म्हणाला.

जोतिबाकडं एक्का आणि राजा होता. जमिनीवर एक, दोन, तीन, चार, पाच पत्ते उघडले. त्यात एक्का नव्हता, राजा नव्हता, जोतिबाच्या उपयोगाचं काहीच नव्हतं.

"दोनशेच्या दोनशे परत!" कृष्णात उडी मारून उठला. "हरणे, दारं धर!"

त्याच वेळी चाक थांबलं. सिद्धूनं बैल सोडले आणि तो घाम पुसत सावलीला येऊन बसला.

"जिकलास गड्या," जोतिबा धोतर झटकत म्हणाला. "तुज्या दोनशे मोटा. घे काढून."

कृष्णातनं आपले बैल जुंपले, मोट खाली सोडली. ती बराच वेळ खाली जात राहिली. मग वर आली. थारोळ्यात ओंजळभर चिखल पडला, आणि एक बेडूक.

बेडूक थोडा वेळ तिथंच बसला. मग ओल बघून जोतिबाच्या उसात गेला.