पिवळ्या दोऱ्याची गाठ

दिराच्या पत्राला तिने चौदा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानच होतं. ‘वहिनी, बोट आम्हा दोघा भावांच्या नावावर. दादा गेला, आता ती सांभाळणार कोण? विकून टाकू. तुमची सही तेवढी पाठवा.’ आणि सहीच्याही खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘डोलकाठीच्या टोकाला दादाने बांधलेला पिवळा दोरा खालून अजून दिसतो. तशी गाठ बांधणारा हात आता नाही.’

तीन वेळा ती लिहायला बसली होती. खरं उत्तर एकच होतं, आणि ते कुणाला सांगणार नाही असा तिने नवऱ्याला शब्द दिला होता. खोटं लिहिणं जमेना. पत्र शिवणाच्या डब्यात पडून राहिलं.

उत्तर नाही म्हणजे होकार, असं धरून दीर आज गिऱ्हाईक घेऊन धक्क्यावर आला होता. ती घाईने पोचली तेव्हा पुढचं शीड अर्धं उलगडून अडकलं होतं. दिराने त्याची दोरी ओढायच्या चाकाला, विंचला, गुंडाळली होती आणि दांडा हातात घेतला होता.

“हात काढा, भाऊजी.”

“अहो, दोन वर्षं बंद आहे. जरा जोर लावला की सुटेल.”

“सुटेल. पाठोपाठ डोलकाठीही सुटेल.”

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकला.

तिने वर बोट दाखवलं. शीड ज्या नळीभोवती गुंडाळतं, तिच्या आतून डोलकाठीला धरून ठेवणारी तार जाते. शीड वर ओढणारी दोरी सैल पडून त्या नळीच्या टोकाला वेढा घालून बसली होती. अशा वेळी विंच फिरवला की वेढा आवळतो आणि आतल्या तारेचा पीळ उकलतो. बाहेरून काहीच कळत नाही. कळतं ते भर समुद्रात.

“आधी शीड परत गुंडाळा. हळू, हाताने. मग मला वर चढवा.”

“तुम्हाला?” दीर हसला. “वहिनी, ती माळ्यावर चढायची शिडी नव्हे.”

“म्हणून तर तुम्हाला चढवत नाही.”

तिने बोटीवरच्या कपाटातून कॅनव्हासची झोळी काढली, मधल्या शिडाच्या दोरीला अडकवली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि आत बसली. शेजारच्या बोटींवरचे लोक कामं सोडून बघू लागले. तिने कुणाकडे पाहिलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते. ते कुरकुरू देत, असं तिने ठरवलं.

दीर विंच फिरवू लागला. अर्ध्यावर त्याचा हात निसटला आणि झोळी वीतभर खाली आली. ती डोलकाठीवर खांद्याने आपटली.

“उतरवू का?” खालून घाबरा आवाज आला.

“वर. आणि दोरीकडे बघा, माझ्याकडे नको.”

टोकाला पोचल्यावर तिने दोरीचा वेढा सोडवला आणि शिडाचं टोक ज्या फिरकीवर फिरतं तिच्यावर बाटलीतलं गोडं पाणी ओतलं. मीठ विरघळून पांढरं पाणी ओघळलं. फिरकी आधी करकरली, मग बोटाने फिरली. तारेचा उघडा भाग टोकाशी असतो, जेमतेम वीतभर. त्यावरून तिने चिंधी ओढली. चिंधी अडकली. तारेचा एक धागा तुटून काट्यासारखा बाहेर आला होता. खालून तो दिसला नसता.

मग तिने दोरी जोडणाऱ्या कडीची, शॅकलची, खीळ घट्ट केली, ती सुटू नये म्हणून बांधलेला विटका पिवळा दोरा कापून टाकला आणि खिशातल्या रिळाचा नवा बांधला. बोटांना विचार करावा लागला नाही.

ती खाली आली तेव्हा गिऱ्हाईक टोपी हातात घेऊन उभा होता. “एक धागा तुटलाय,” तिने त्याला सांगितलं. “ही तार बदलल्याशिवाय बोट धक्क्यापासून हलवायची नाही. कुणीच.”

“ताई, एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही ही विकता कशाला?”

ती दिराकडे बघत राहिली. दिराने बोटीवरची दुर्बीण डोळ्यांना लावून डोलकाठीच्या टोकावर रोखली होती.

“अगदी दादाचीच गाठ,” तो म्हणाला. “काय शिकवून गेला बघा तुम्हाला. कुणी बघत असलं की त्याचा हात चालायचा नाही. धक्क्यावर माणूस यायच्या आत उरकून टाकायचा. पण वहिनी, शिकवलेलं किती दिवस पुरणार? सही करून टाका.”

आपटलेला खांदा आत्ता कुठे दुखायला लागला. तिने झोळीची घडी घातली, जागेवर ठेवली आणि घरी आली.

शिवणाचा डबा उघडला. दिलेला शब्द नवऱ्याचं नाव राखण्यासाठी होता. बोट घालवण्यासाठी नव्हता. या वेळी तिने एकाच बैठकीत लिहिलं, पुन्हा वाचलं नाही, पाकीट चिकटवलं आणि दुपारच्या उन्हात कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत जाऊन आत टाकलं. तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली.

‘भाऊजी, सही करणार नाही. ती गाठ माझी आहे. त्याआधीची माझी, आणि त्याच्याही आधीची. तुमच्या दादांना उंचीची भयंकर भीती वाटायची. एकतीस वर्षं वर मीच गेले. ते खाली मान घालून विंच धरायचे, आणि त्यांच्या हातून माझी दोरी कधी वीतभरही सुटली नाही.’